वारा सरला का?

सर्जन झाले तेव्हा इथल्या रिवाजाप्रमाणे
नावामागचं डॉक्टर गळून पडलं.
दारावर पाटी: मिस व्ही. गोगटे.
मिरजेहून आईनं फोनवर विचारलं,
पदवी काढून घेतली की काय गं,
काही चुकलं का तुझ्या हातून?

तेव्हा काही चुकलं नव्हतं.
चुकायचं होतं अजून.

ग्रिम्झबीत एकवीस वर्षं झाली.
इथली माणसं हवेवर तासभर बोलतात,
हॅडॉकच्या भावावर त्याहून जास्त,
आणि रक्त जातं त्या जागेला म्हणतात, खाली.
हसू नये.
आमच्या घरी तरी कुठे नाव होतं तिला?
पोट साफ झालं का, एवढंच,
तेही लहान मुलांना नि म्हाताऱ्यांना.

केनेथ ड्रूरीनं आठ महिने
बायकोपासून लपवलं खालचं.
ट्रॉलरवरून आइसलंडपर्यंत जाऊन आलेला माणूस,
दोन बोटं विंचमध्ये गेलेली,
तो हात पबमध्ये कौतुकानं दाखवायचा.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी
पेन घेऊन मी खाटेच्या कडेला बसते.
उभे राहा. आता बसा.
वाका, बुटाची नाडी बांधल्यासारखं.
पट्टा कुठे येतो?
नातीला कुठल्या बाजूला घेता कडेवर?
पोटाच्या घड्या चुकवून काळं वर्तुळ काढते,
उद्या इथे आतडं बाहेर येईल,
लालभडक, ओलं, तोंडासारखं.
तो छताकडे बघत राहतो.
मी सांगते, त्याला हात लावला तरी दुखत नाही.
मग माझ्यापेक्षा शहाणं आहे, म्हणतो.

मॉरीन पॉकलिंग्टनचं नाव
मी कुठे लिहून ठेवलेलं नाही.
गरज पडत नाही.
चौथ्या दिवशी टोस्ट खाल्ला, पाचव्या दिवशी ताप,
सहाव्या दिवशी पुन्हा पोट उघडलं
तर माझ्याच टाक्यांतून गळत होतं,
नीट घातलेल्या टाक्यांतून.
नीट हा शब्द तिच्या मुलीसमोर मी गिळला.
खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं,
सांधा मी केला होता. तो सुटला.
तुमची आई वाचली नाही.
ती म्हणाली, चहा घेणार का तुम्ही?
अजून उलगडत नाही मला तो प्रश्न.
घेतला मी. साखर जास्त होती.

तेव्हापासून प्रत्येकाचा पाचवा दिवस
माझ्या अंगावरून जातो.
पहाटे सहाला हंबरकडून येणारा वारा
वॉर्डाच्या खिडक्या खडखडवतो,
सीगल भांडत असतात कचऱ्याच्या डब्यांवर,
आणि मी खाटेखाटेपाशी थांबून
तेच विचारते, वारा सरला का?
इंग्रजीतही वाराच म्हणतात त्याला.
एवढं शिकून, एवढी कापाकापी करून
शेवटी वाट बघायची ती याचीच.

ड्रूरी पांघरूण बाजूला करतो.
पिशवी टम्म फुगलेली, शिडासारखी.
नैर्ऋत्येचा, म्हणतो, मध्यम.
बंदर सोडायला हरकत नाही.
हसताना दोन्ही हातांनी टाके धरतो.

मग का कोण जाणे, मी त्याला सांगून टाकलं
की मलाही आलंय ते पाकीट,
पन्नाशीनंतर सगळ्यांना पोस्टानं येतं ते,
काडीवर नमुना घेऊन परत पाठवायचं.
तीन आठवडे विजेच्या बिलाखाली पडलंय.
त्यानं आधी दाराकडे पाहिलं,
कोणी ऐकत नाही ना म्हणून,
मग माझ्याकडे.

घरी जायच्या दिवशी कोट चढवून,
बायको लिफ्टकडे पुढे गेल्यावर,
तीन बोटांचा हात माझ्या बाहीवर ठेवला.
पाठवलंस का, पोरी?

मी छताकडे बघितलं.